कचरा उचलायचा कुणी?



आजचा विषय कचऱ्याचा आहे, पण ओला वेगळा आणि सुका वेगळा कसा करायचा हे सांगायला मी बसलेली नाही. ते तुम्हाला ग्रामसेवकांनी, शाळेतल्या पोरांनी आणि घंटागाडीवरच्या गाण्यानं पुष्कळदा सांगून झालंय. मला आज कचऱ्याचा इतिहास सांगायचाय. गडकिल्ल्यांचा इतिहास असतो तसा उकिरड्याचाही असतो, फक्त तो कुणी लिहून ठेवत नाही.

कारण असं की, आपल्या बिद्री परिसरातल्या गटांच्या बैठकांत सध्या एक विषय पुन्हा पुन्हा येतोय. ग्रामपंचायत विचारते, गावातला कचरा गोळा करायचं आणि निवडायचं काम तुमचा गट घेतो का? काही जणी लगेच हो म्हणतात. रोजगार हमीपेक्षा बरं, गावातल्या गावात काम, महिन्याला काहीतरी हातात येईल. पण एका बैठकीत एक वयस्कर बाई बोलल्या आणि सगळ्या गप्प झाल्या. त्या म्हणाल्या, "ह्या कामातनं सुटायला आमच्या तीन पिढ्या गेल्या. आता पोरी-सुनांनी गटाच्या नावानं तेच परत डोक्यावर घ्यायचं व्हय?"

या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देऊन चालत नाही. त्यासाठी थोडं मागं जावं लागतं.

आपल्या आज्ज्यांच्या घरात कचरा नव्हता का? होता की. पण त्याला 'कचरा' असं एक नाव नव्हतं. प्रत्येकाला वेगळं नाव होतं आणि वेगळी जागा होती. शेण गोठ्यातून पाटीत, पाटीतून परड्यात. त्यातल्या काहीच्या शेणी थापायच्या, उरलेलं उकिरड्यात. चुलीची राख भांडी घासायला, थोडी बियाण्यात मिसळायला. खरकटं म्हशीच्या आंबोणात. नारळाची शेंडी घासणीला, करवंटी चुलीला. जुन्या लुगड्याची वाकळ, वाकळ विरली की तिचं पायपुसणं. डोक्याचे गळालेले केससुद्धा भिंतीच्या फटीत खोचून ठेवलेले असायचे, कारण केसांवर फुगे आणि भांडी देणारी बाई दारावर यायची. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडं द्यायची. बाटली-डबा-लोखंड घेणारा सायकलवरून ओरडत यायचा. या सगळ्या वस्तू घरातून जाताना निवडलेल्याच असायच्या, कारण एकत्र केलेल्या गठ्ठ्याला कुणी भांडं देत नव्हतं.

आणि उकिरडा म्हणजे घाण, हा अर्थ तर फार अलीकडचा. शेतकऱ्याच्या घरी उकिरडा ही मालमत्ता होती. ज्याच्या परड्यात मोठा उकिरडा त्याचं रान पिकतं, असा हिशेब. दिवाळीत उकिरड्यावर पणती ठेवायची रीत आपल्याकडे कितीतरी घरांत होती, काही घरांत आजही आहे. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो अशी म्हण आहे. ज्याला आपण म्हणीत आणि दिवाळीत जागा दिली, ती गोष्ट कुणी टाकाऊ समजत नव्हतं, एवढं तरी त्यावरून कळतं. पुढे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी याच उकिरड्याला विटांचा आकार दिला. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, हवा खेळायला भिंतीत भोकं. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला नाडेप म्हणतात. तुमच्या गावात कुणाच्या तरी रानाच्या कडेला असा हौद असेलच. त्यात सध्या काय टाकलंय ते बघायला मात्र जाऊ नका.

आता इथं थांबून एक गोष्ट बोलली पाहिजे. जुन्या काळाचं असं वर्णन केलं की आपल्याला बरं वाटतं. पूर्वी सगळं छान होतं, बायका हुशार होत्या, गाव स्वच्छ होतं. पण घरातलं निवडणं बाईनं करायचं आणि गावातलं उचलणं ठरावीक जातीनं करायचं, अशी ती व्यवस्था होती. घरातल्या बाईला त्याचे पैसे मिळत नव्हते, आणि गावातल्या त्या माणसांना नाही म्हणायची सोयच नव्हती.

मेलेलं जनावर ओढून नेणं, चावडी झाडणं, सांगावे पोचवणं, सरकारी माणूस आला की त्याचं ओझं वाहणं, ही कामं महार समाजावर वतन म्हणून लादलेली होती. वतन हा शब्द ऐकायला मानाचा वाटतो. प्रत्यक्षात सगळ्या भावकीत मिळून जमिनीचा छोटासा तुकडा, आणि त्या बदल्यात घरातल्या प्रत्येकानं कधीही बोलावलं तरी हजर राहायचं. मजुरी नाही, वेळ नाही, सुट्टी नाही. यालाच वेठ म्हणतात.

हे मोडायचं काम आपल्या कोल्हापुरात झालं, आणि ते करणारा राजा आपल्याच कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेला. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली करवीर संस्थानात महार वतनं रद्द केली आणि त्या जमिनी त्या त्या माणसांच्या नावावर रयतावा करून दिल्या. म्हणजे जमीन तुझी, त्याबदल्यात कुणाची वेठ नाही. वेठबिगारीवरही त्यांनी बंदी आणली. त्यानंतर मार्च १९२० मध्ये माणगावला, जे तेव्हा कागल जहागिरीत होतं, अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते तरुण वयातले डॉ. आंबेडकर, आणि महाराज स्वतः तिथं गेले. बाबासाहेबांनी पुढे १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडलं. बाकीच्या मुंबई राज्यात कनिष्ठ ग्राम वतनं नष्ट करणारा कायदा व्हायला मात्र १९५८ साल उजाडलं. कोल्हापूर त्या बाबतीत चाळीस वर्षं पुढं होतं. गटातल्या त्या वयस्कर बाई तीन पिढ्या म्हणाल्या, तो आकडा उगाच तोंडातून आलेला नाही.

मोठ्या माणसांनी झाडू हातात घेतला तोही याच काळात. गाडगेबाबांचा जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. गावात गेले की आधी गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं, असा त्यांचा शिरस्ता. इकडे राधानगरीवरून फोंडा घाट उतरला की कणकवली, तिथं अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी आश्रम उभा केला. सफाईचं काम त्यांनी आयुष्यभर स्वतःच्या हातानं केलं. रत्नागिरीच्या तुरुंगात असताना 'मला भंगीकाम करू द्या' म्हणून ते अडून बसले होते आणि १९३२ साली त्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपवास धरला होता. मैल्याचं खत व्हावं, तो कुणाला डोक्यावरून न्यावा लागू नये, म्हणून त्यांनी संडासाची रचना बसवली. मला या दोघांबद्दल फार आदर आहे. पण माझं असं मत झालंय की मोठ्या माणसानं झाडू घेतल्यानं झाडूची लाज थोडी कमी होते, झाडणाऱ्याचा पगार मात्र ठरत नाही. राज्य सरकारनं २०००-०१ साली आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. गावंच्या गावं झाडून निघाली, भिंती रंगल्या, बक्षिसं मिळाली. त्यातून गावांना वळण लागलं हे खरंच आहे. पण श्रमदानाच्या फोटोत मागच्या रांगेत वाकलेल्या कोण आहेत ते कधीतरी बारकाईनं बघा. तपासणीच्या आदल्या दिवशी गाव कुणी झाडलं, हे ज्यांनी झाडलं त्यांना आठवत असेल.

आता प्लास्टिकवर येते. प्लास्टिकनं नेमकं काय केलं? ते कुजत नाही हे तर आहेच. पण त्यानं उकिरडा मोडला. ज्या ढिगातून खत यायचं, त्यात दुधाची पिशवी, शाम्पूची पुडी, गुटख्याचं पाकीट, पोराचं डायपर पडायला लागलं. असं खत रानात टाकलं की भांगलायला गेलेल्या बाईच्या खुरप्याला आधी पुड्या लागतात. मग शेतकऱ्यानं युरिया आणला आणि उकिरड्याकडे पाठ फिरवली. परडी संपली, तिथं खोल्या झाल्या. आणि निवडायची सवय गेली, कारण निवडून ठेवलं तरी घ्यायला कुणी येईना. सगळं एका पिशवीत आणि पिशवी ओढ्यात, नाहीतर काडी लावून पेटवून द्यायची. मुंबईत २६ जुलै २००५ ला पाणी तुंबलं, तेव्हा गटारात अडकलेल्या पिशव्यांवर बोट ठेवलं गेलं आणि पातळ पिशव्यांवर निर्बंध आले. मग २३ मार्च २०१८ ला राज्यानं मोठी प्लास्टिकबंदी जाहीर केली. त्यात दुधाची रिकामी पिशवी परत घेऊन पन्नास पैसे द्यायचे अशीही तरतूद होती. आपल्या दूधवाल्या जिल्ह्यात तुमच्यापैकी कुणाला ते पन्नास पैसे मिळाले असतील तर मला जरूर कळवा.

शहरात हे आधी घडलं होतं आणि तिथं निवडायचं काम एका वेगळ्याच बाईवर आलं होतं. तिची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्याकडे आहे.

१९७२ चा दुष्काळ तुम्हाला थोरामोठ्यांकडून माहीत असेल. मराठवाड्यातून, सोलापूर भागातून माणसं पुण्याकडे निघाली. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, शिक्षण नव्हतं आणि जातीमुळे धुण्याभांड्याचं कामही मिळायची मारामार होती, अशा मातंग आणि बौद्ध समाजातल्या किती तरी बायकांनी पाठीवर पोतं घेतलं. पहाटे अंधारात निघायचं, कचराकुंडीत उतरायचं, कागद, काच, पत्रा, प्लास्टिक वेगळं काढायचं आणि भंगारवाल्याला विकायचं. वजनकाटा त्याचा, भाव त्याचा, उचलही त्याचीच. वाटेत पोलिसानं अडवलं की चोरीचा संशय. कुत्री मागं लागायची ते वेगळंच.

१९९० च्या सुमारास पुण्यातल्या एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातले कार्यकर्ते या वस्त्यांत साक्षरतेसाठी गेले. पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण ही त्यातली दोन नावं. मुलांना शिकवायला गेलेल्या या बायका मुलांबरोबर, आयांबरोबर कचरा वेचायला जाऊ लागल्या. आणि त्यांच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. हाच कागद, हीच बाटली कुंडीत पडायच्या आधी दारातच मिळाली, तर ती स्वच्छ असते, भाव जास्त येतो, वेळ कमी लागतो आणि हात घाण होत नाहीत. म्हणून त्यांनी कोरेगाव पार्क भागात लोकांना सुका कचरा वेगळा ठेवायला सांगितलं आणि तीसेक बायकांना ओळखपत्रं देऊन दारोदार पाठवलं. जुनी बोहारीण जे करत होती तेच.

थोड्याच दिवसांत एका व्यावसायिकानं त्याच भागात गाडी आणली, पैसे घेऊन कचरा न्यायला. कचरा निवडून मिळतोय म्हटल्यावर त्यात पैसा आहे हे त्यालाही कळलं होतं. बायका गाडीच्या विरोधात उभ्या राहिल्या. आमचं पोट याच्यावर आहे, आम्ही हे पिढीजात करतोय, आता ते स्वच्छ झालं म्हणून तुम्ही घेणार का, हा त्यांचा सवाल. गाडी मागं गेली. पण तीस जणींचं भांडण तीस जणींपुरतं ठेवून चालणार नाही हे त्यातून उमगलं. हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव त्यांच्या पाठीशी आले. 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ चालवणारे तेच बाबा. मे १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांचं अधिवेशन भरलं, आठशेच्या वर माणसं जमली आणि संघटना स्थापन झाली. तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. नावातच बघा, कचरा हा शब्द नाही. ज्या मालाला बाजारात भाव आहे त्याची नावं आहेत आणि कष्टकरी आहे.

त्यांनी पहिली मागणी काय केली असेल? पगार नाही, घर नाही. ओळखपत्र मागितलं. आपल्याला वाटेल, कागदाच्या तुकड्यानं काय होतं? पण ज्या बाईला रोज चोर म्हणून अडवलं जातं, तिच्या गळ्यात महापालिकेचं कार्ड असणं म्हणजे ती कामावर आहे हे सरकारनं कबूल करणं. १९९५-९६ मध्ये पुणे महापालिकेनं संघटनेच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. देशात असं करणारी ती पहिली महापालिका.

दुसरी गोष्ट त्यांनी केली ती हिशेबाची, आणि आम्हा गटवाल्या बायकांना ती सगळ्यात जवळची वाटावी. आपण फुकट किती काम करतो, हे मोजलं. २००१ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी एक अभ्यास झाला. त्यात निघालं, की प्रत्येक कचरावेचक बाई महिन्याला २४६ रुपयांचं काम महापालिकेसाठी फुकट करते. तिनं वेचलेला माल महापालिकेला उचलावा लागत नाही, गाडीत भरावा लागत नाही, डेपोपर्यंत न्यावा लागत नाही, त्याचा तो पैसा. २००१ सालचे २४६ रुपये. तोपर्यंत लोकांना वाटत होतं की ह्या बायका शहराच्या जिवावर जगतात. आकडा निघाल्यावर कळलं, की कोण कुणावर जगतंय. त्या हिशेबाच्या जोरावर संघटनेनं महापालिकेकडून सभासदांचा आरोग्य विमा मिळवला. स्वतःची पतसंस्था काढली, स्वतःचं भंगारचं दुकान काढलं. दुकानात काटा आपला, म्हणजे वजन मारलं जायची भीती नाही.

तेवढ्यात कायदा आला. कर्नाटकातल्या अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली शहरांच्या कचऱ्याबद्दल सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. त्यातून २००० सालचे घनकचऱ्याचे नियम आले. दारातून कचरा गोळा करा, वेगळा करा, असं ते सांगत होते. ऐकायला चांगलं, पण वेचणाऱ्या बाईसाठी त्यात धोका होता. कुंड्या उठणार, कचरा दारातून थेट ठेकेदाराच्या गाडीत जाणार, मग हिनं वेचायचं काय? पुण्याच्या बायकांनी इथं डोकं चालवलं. त्यांनी कुंडी ठेवा असं म्हटलं नाही. दारातून गोळा करायचंय ना, मग ते आम्हीच करतो, असं म्हटलं. त्यातून स्वच्छ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ साली तिचा महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. मालक सभासद बायकाच. घरटी महिन्याला ठरलेली रक्कम बाईला मिळते, निवडलेला सुका माल विकून येणारे पैसे तिचेच, आणि ढकलगाड्या, हातमोजे, निवडायला जागा पालिकेनं द्यायची. आज साडेतीन हजारांहून जास्त सभासद हे काम करतात.

सगळं गोड झालं असं समजू नका. करार संपला की मुदतवाढीसाठी पुन्हा झगडा, पुन्हा ठेकेदाराला काम द्यायची चर्चा. घरमालक महिन्याची रक्कम द्यायला कुरकुरतात, आणि तेच लोक पिझ्झ्याचा खोका तिच्या गाडीत टाकतात. पुण्याचा जो कचरा कुणीच निवडला नाही, तो वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात पडत राहिला. तिथल्या विहिरींचं पाणी बिघडलं आणि गावकऱ्यांना रस्त्यावर उतरून गाड्या अडवाव्या लागल्या. शहराचा कचरा शेवटी कुठल्या तरी गावातच जातो.

एक गोष्ट रेडिओवर बोलू की नको असं वाटत होतं, पण बोलते. वापरलेले पॅड. दारातून आलेल्या पिशवीत ते उघडे यायचे आणि या बायकांना हातानं बाजूला काढावे लागायचे. त्यांनी आधी घरोघरी सांगितलं, कागदात गुंडाळा. जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या स्वतः बनवून विकल्या. तरी लोक ऐकेनात, तेव्हा २०१३ साली त्यांनी वापरलेल्या पॅडनी भरलेली पोती थेट पॅड बनवणाऱ्या बड्या कंपन्यांना पाठवून दिली. तुमचा माल, तुम्हीच बघा. २०१६ च्या नव्या नियमांत, पॅडबरोबर ते गुंडाळायला पिशवी किंवा वेष्टन कंपनीनं द्यावं आणि वापरणाऱ्यानं ते गुंडाळूनच टाकावं, हे लिहिलं गेलं. आता आपल्या गावातही पोरी पॅड वापरतात आणि ते चांगलंच आहे. पण ते पेटवताना, पुरताना किंवा उकिरड्यात ढकलताना ते पुढं कुणाच्या हातात जाणार, याचा विचार घरातल्या बाईलाच सुचू शकतो, कारण दुसरं कुणी त्यावर बोलतच नाही.

त्याच २०१६ च्या नियमांत आणखी दोन शब्द आले. कचरावेचक हा एक, आणि बचत गट हा दुसरा. स्थानिक संस्थेनं कचरावेचकांच्या संघटनांना ओळख द्यावी, त्यांचे बचत गट करावेत आणि त्यांना कामात सामावून घ्यावं, असं त्यात म्हटलं होतं. २०२० पासून स्वच्छ भारतचा दुसरा टप्पा ग्रामीण भागात आला. पहिल्या टप्प्यात संडास होते, दुसऱ्यात घनकचरा आणि सांडपाणी. पंधराव्या वित्त आयोगानं पंचायतींना दिलेल्या पैशांत साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून ठेवले. म्हणजे गटांना विचारणा होते आहे ती आकाशातून पडलेली नाही. त्यामागे पुण्यातल्या बायकांनी तीस वर्षं केलेली खटपट आहे. आपल्या कोल्हापुरातही अवनि संस्थेनं कचरावेचक महिलांबरोबर काम केलंय. तिकडे लांब दक्षिण अमेरिकेत, कोलंबिया देशाच्या बोगोटा शहरात, कचरावेचक कोर्टात गेले, वर्षानुवर्षं लढले, आणि २०१३ पासून तिथं त्यांना गोळा केलेल्या मालाच्या वजनावर सरकारी मोबदला मिळू लागला. पुणे आणि बोगोटा एकमेकांना ओळखत असतील-नसतील, पण दोघांनी एकच गोष्ट पकडली. वजन करा, लिहून ठेवा, मग बोला.

आता गटातल्या त्या बाईंचा प्रश्न. तेच काम परत डोक्यावर घ्यायचं का? मला विचाराल तर काम वाईट नव्हतं, वेठ वाईट होती. पण एवढं म्हणून सुटका होत नाही. कारण वेठ नव्या कपड्यात येते. आज तिला सेवा म्हणतात, श्रमदान म्हणतात, मानधन म्हणतात. मानधन म्हणजे मान देऊन धन टाळणं, असं आमच्याकडच्या एक ताई म्हणतात. काम कुणाच्या गल्लीतल्या गटाला विचारलं गेलं, हेही बघा. गावात पंधरा गट असताना ठरावीक वस्तीतल्या एकाच गटाकडे प्रस्ताव गेला, तर तो योगायोग नाही आणि तिथं गप्प बसायचं कारण नाही. पंधराही गटांनी पाळीनं काम वाटून घ्यायची तयारी दाखवली, तर तो प्रस्ताव वेगळा होतो. आपल्या सगळ्या गटांची त्याला तयारी आहे का, हा प्रश्न मी फेडरेशनच्या बैठकीत मांडणार आहे. उत्तर काय येईल याचा अंदाज मला आहे, तरी मांडणार आहे.

आणि हो म्हणायचं ठरलं, तर तोंडी हो म्हणू नका. घरं किती, दिवस किती, महिन्याला रक्कम किती, ती पट्टीतून येणार की निधीतून, आणि पट्टी थकली तर गटाचं काय. सुक्या मालाच्या विक्रीचा पैसा गटाचा, हे लिहून घ्या, कारण पहिल्यांदा त्यावरच सगळ्यांचा डोळा जातो. निवडायला छपराची जागा, वजनकाटा, हातमोजे, बूट, आणि काच लागली तर इंजेक्शनचा खर्च कुणाचा, तेही. ओला कचरा घरच्या घरी जिरवायचा नियम पंचायतीनं आधी सगळ्यांना लावावा. आपल्याकडे अजून बऱ्याच घरांना परडं आहे, गोठा आहे, त्यांचा ओला कचरा गाडीत यायचं काही कारणच नाही. मिसळलेली पिशवी गाडीत घेतली जाणार नाही, हे पहिल्या दिवशी सांगितलं तर शेवटपर्यंत चालतं, महिन्याभरानं सांगितलं तर भांडणं होतात.

गावसभेची नोटीस सात दिवस आधी लागते. तिच्याआधी महिलांची सभा होते, पण पुष्कळ गावांत ती फक्त रजिस्टरवर होते, सह्या घरी फिरवून घेतल्या जातात. या वेळी सही करायच्या आधी रजिस्टर आपल्याकडे मागून घ्या, आणि विषयांच्या यादीत कचऱ्याच्या कामाचा दर आणि करारनामा हे दोन शब्द आहेत का ते बघा.